चिठ्ठी टाकून औषध देतात म्हणे! गरोदर बायकांवरचा अभ्यास म्हणजे नेमकं काय

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. खानापूर तालुक्यात दिलीय तिला, पाचवा महिना चालू आहे. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेनऊ आलं आणि सिस्टरनी सांगितलं की एक अभ्यास चालू आहे, काही जणींना रक्तवाढीच्या गोळ्या आणि काही जणींना सलाईनमधून लोह, तुला त्यात यायचं असेल तर घरात विचारून सांग, आणि हातात चार पानी कागद दिला. झालं! सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "आमच्या सुनेवर प्रयोग करायला लागलेत काय? उंदीर काय ती?" भाचीचा प्रश्न वेगळाच होता. "मावशी, कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरवणार म्हणे. डॉक्टरला माहीत नाही म्हणून चिठ्ठी टाकतात काय गं?"

मी डॉक्टर नव्हे, बेळगावात मेडिकल दुकान चालवते, पण हा प्रश्न काउंटरवर पण येतो म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. आणि भाचीला जे उत्तर दिलं तेच इथंही पहिल्यांदा देते: होय, माहीत नाही म्हणूनच चिठ्ठी टाकतात. ज्याचं उत्तर पक्कं माहीत आहे त्यात चिठ्ठी टाकली तर तो गुन्हा आहे.

चिठ्ठी कशाला? डॉक्टरनी बघून ठरवावं की

आपल्याकडं ऊस लावणाऱ्याला हे लगेच कळेल. समजा नवीन बेणं आलंय, चांगलं आहे काय ते बघायचंय. तुम्ही नवीन बेणं विहिरीजवळच्या काळ्या रानात लावलं आणि जुनं वरच्या माळावर, तर नवीन जिंकणारच, पण ते बेणं जिंकलं की रान जिंकलं? दवाखान्यात पण तेच होतं. डॉक्टरच्या मनावर सोडलं तर जी बाई जास्त अशक्त दिसते तिला ते सलाईन लावतील, माणुसकी म्हणूनच लावतील, किंवा जिचं घर रस्त्याला आहे, नवरा गाडीवरून आणून सोडतो तिला सलाईन आणि लांबच्या वाडीवरचीला गोळ्या. मग शेवटी हिशोब काढला तर फरक औषधाचा की रस्त्याचा हे देवाला पण सांगता येणार नाही.

भिशीत कसं, डब्यात चिठ्ठ्या टाकतो, हलवतो, आणि एखाद्या पोराला काढायला सांगतो, म्हणजे कुणाला पहिली उचल मिळाली यात वशिला नाही. इथं तसंच, फक्त चिठ्ठी कंप्युटर काढतो. याला रँडमायझेशन म्हणतात, मी पुढं चिठ्ठीच म्हणते. हजार बायकांची चिठ्ठी काढली की अशक्त, धट्ट्या, लांबच्या, जवळच्या, पहिलटकरणी, तिसरेपणाच्या अशा सगळ्या दोन्हीकडं साधारण सारख्या वाटल्या जातात. मग जो फरक उरतो तो औषधाचा.

अजून एक शब्द कानावर येतो, प्लासिबो. म्हणजे दिसायला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी. आणि कुणाला खरी, कुणाला बिनऔषधाची हे बाईला पण माहीत नसतं आणि देणाऱ्याला पण. हे ऐकून लोकांना फसवणूक वाटते. पण बघा, पाहुण्यासमोर दोन वाट्या कुंदा ठेवा आणि आधीच सांगा की ही नावाजलेल्या दुकानातली, ही घरची, की जीभ चव घ्यायच्या आधीच निकाल लावून बसते. औषधाचं पण तसंच आहे, नवीन भारी औषध मिळालंय म्हटलं की बाईला बरं वाटायला लागतं आणि नर्सला पण बरी दिसायला लागते. म्हणून नाव झाकायचं. सलाईन विरुद्ध गोळी असलं की झाकता येत नाही हा भाग वेगळा, तिथं मग रक्ताच्या रिपोर्टवर भरवसा ठेवायचा, मशीनला कुंद्याचं कौतुक नसतं.

तीन गोळ्या आणि एक मापाची पिशवी

आता खरी गोष्ट सांगते, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली आहे, पण बेळगावात दहा जणांना विचारलं तर एकालाही माहीत नसते.

बाळंतपणात बाई दगावायच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे रक्त जाणं. बाळ बाहेर आलं, वार सुटली, की गर्भाशय मूठ आवळल्यासारखं घट्ट व्हायला पाहिजे, म्हणजे वारेच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या चेपून बंद होतात. ती मूठ ढिली राहिली की नळ उघडा राहतो. अर्धा लिटरच्या वर रक्त गेलं की डॉक्टरी भाषेत तो धोक्याचा रक्तस्राव. मूठ आवळायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं, पण ते थंड ठेवायला लागतं आणि टोचणारा माणूस लागतो, आणि पंचवीस वर्षांमागं आपल्या खेड्यांत बाळंतपणं घरात किंवा सबसेंटरला व्हायची, फ्रीज कुठला आणि लाईट कुठली.

तेव्हा मिसोप्रोस्टॉल नावाची एक स्वस्तातली गोळी होती, मुळात पोटातल्या अल्सरसाठीची. ती गर्भाशय आवळते हे माहीत होतं, फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही. प्रश्न एवढाच की गावातल्या नर्सबाईनी घरात दिली तर उपयोग होतो काय? २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार पीएचसींच्या, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भागात हे तपासलं गेलं, आपलं जेएनएमसी म्हणजे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतली विद्यापीठं मिळून. १६२० बाळंतिणी. बाळ झाल्या झाल्या अर्ध्या जणींना तीन गोळ्या, अर्ध्या जणींना तशाच दिसणाऱ्या तीन बिनऔषधाच्या. निकाल २००६ ला लॅन्सेट या जगातल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात आला. बिनऔषधाच्या बाजूला शंभरातल्या १२ जणींना धोक्याचा रक्तस्राव झाला, गोळीच्या बाजूला साधारण ६. एक लिटरच्या वर रक्त जाणं १.२ टक्क्यांवरून ०.२ वर आलं. त्रास म्हणाल तर थंडी वाजणं, ताप येणं, तो थोड्या वेळात उतरायचा.

मला यात सगळ्यात आवडते ती पिशवी. रक्त किती गेलं हे ठरवणार कसं? लुगड्यावर, पोत्यावर, जमिनीवर सांडलेलं रक्त बघून नर्सबाई अंदाज सांगणार, आणि तो अंदाज चुकतो. म्हणून बाळंतिणीच्या अंगाखाली घालायची प्लॅस्टिकची चादर बनवली, तिच्या टोकाला निमुळती पिशवी, पिशवीवर दुधाच्या मापासारख्या रेघा. रक्त घरंगळून पिशवीत, रेघ बघा, आकडा लिहा. इथंच बेळगावला पिशवी आणि नजर यांची तुलना पण झाली, तर नजरेचा अंदाज पिशवीपेक्षा जवळजवळ ३३ टक्के कमी भरला! म्हणजे साडेसातशे मिली गेलेलं असताना आम्ही पाचशेच म्हणत बसणार. पुढं अशाच रेघांच्या पिशवीनं रक्त मोजायचं आणि लगेच उपचारांचं एक ठरलेलं पॅकेज सुरू करायचं असा मोठा अभ्यास आफ्रिकेतल्या चार देशांत झाला, २ लाखांच्या वर बाळंतिणी, २०२३ ला निकाल आला, मोठा रक्तस्राव आणि त्यानं होणारं नुकसान ६० टक्क्यांनी कमी झालं. आणि मिसोप्रोस्टॉल? २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेनं रक्तस्राव टाळायसाठी आवश्यक औषधांच्या यादीत घातलं, जिथं ऑक्सिटोसिन मिळत नाही तिथल्यासाठी.

ज्या बायकांनी त्या चिठ्ठीला होय म्हटलं त्यातल्या कित्येक आज आपल्या तालुक्यात आज्ज्या झाल्या असतील, आणि त्यांना बहुतेक हे कुणी येऊन सांगितलंच नसेल. मला हे खटकतं.

पण मग बिनऔषधाच्या बाजूच्या बायकांचं काय?

हा प्रश्न रास्त आहे, आणि याचं गोड उत्तर नाही. त्या गावांत तेव्हा रक्तस्राव व्हायच्या आधीच काही देऊन ठेवायची पद्धत नव्हती, म्हणजे त्यांच्याकडून काही काढून घेतलं असं नव्हतं, जे मिळत होतं ते मिळालंच, रक्त जास्त गेलं तर पुढच्या दवाखान्यात हलवायचं हे पण होतं. त्यावर जगभर वाद झाला आणि व्हायला पाहिजेच. आजचा नियम साधा आहे: सिद्ध झालेला उपाय हाताशी असताना तो काढून घेऊन बिनऔषधाची गोळी देता येत नाही. म्हणून तर भाचीच्या अभ्यासात दोन्हीकडं लोहच आहे, एकीकडं तोंडानं, एकीकडं शिरेतून.

चांगल्या औषधानं घात केला ती गोष्ट

तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं अनुभव असलेल्या डॉक्टरला कळत नाही काय काय चांगलं ते? माझं पण तेच मत होतं, ही पुढची गोष्ट वाचेपर्यंत.

बाळ दिवस भरायच्या आत येणार असं दिसलं की आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, म्हणजे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी १९७२ ला हे दाखवून दिलं आणि मोठ्या दवाखान्यांत त्यानं असंख्य बाळं वाचली. मग साहजिक विचार आला की हे खेड्यात पण पोचवूया. सहा देशांत, त्यात बेळगाव आणि नागपूर पण, जवळजवळ एक लाख बाळंतपणांवर अभ्यास झाला. यात चिठ्ठी बाईची नव्हती, आख्ख्या गावांच्या गटाची होती. सगळ्यांना वाटत होतं की निकाल काय लागायचा ते ठरलेलंच आहे. २०१५ ला छापून आलं, तर ज्या भागांत इंजेक्शन पोचवलं तिथं पहिल्या २८ दिवसांत हजारी २७.४ बाळं दगावली, आणि जिथं पोचवलं नाही तिथं २३.९. उलटं! शिवाय आयांना जंतुसंसर्ग झाल्याचा संशय पण तिकडं जास्त.

इंजेक्शन तेच, मग बिघडलं कुठं? खेड्यात सोनोग्राफी नाही, कितवा आठवडा ते नीट ठाऊक नाही, त्यामुळं ज्यांना दिलं त्यातल्या बऱ्याच जणींचं बाळ मुळात लवकर येणारं नव्हतंच. आणि खरोखर लवकर आलेल्या बाळाला नंतर जी ऊब, ऑक्सिजन, नर्स लागते ती तिथं नव्हती. नुसतं मीठ चांगलं म्हणून काय, ते आमटीत पडलं की खिरीत पडलं हे बघायला नको?

हा अभ्यास झाला नसता तर काय झालं असतं विचार करा, सरकारनं चांगल्या मनानं ते इंजेक्शन गावोगाव वाटलं असतं, आणि हजारात तीन-चार बाळं जास्त जात राहिली असती, कुणाला पत्ता पण लागला नसता, कारण तीन-चार बाळं कुठल्याच एका नर्सबाईच्या नजरेत येत नाहीत. इथं अनुभव कमी पडतो. अनुभव हा आपल्या दारात आलेल्या माणसांचा असतो.

गोष्ट इथं संपली नाही. त्यानंतर भारतासकट पाच देशांत परत अभ्यास झाला, या वेळी नवजात बाळांची सोय असलेल्या दवाखान्यांतच, आणि सोनोग्राफीनं आठवडे पक्के करूनच. आपलं जेएनएमसी त्यात पण होतं. २८५२ बायका. २०२० चा निकाल: इंजेक्शन मिळालेल्यांची बाळं दगावायचं प्रमाण १९.६ टक्के, न मिळालेल्यांत २३.५. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मधेच थांबवला, आता कुणालाच वंचित ठेवू नका म्हणून. तेच औषध, दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी.

याच्या उलट उदाहरण पण आहे. डीईएस नावाचं हार्मोन १९४० च्या दशकापासून अमेरिकेत गर्भपात होऊ नये म्हणून गरोदर बायकांना द्यायचे. १९५३ ला शिकागोत चिठ्ठीवाला अभ्यास झाला, काही उपयोग नाही म्हणून निकाल आला, तरी डॉक्टर आपल्या अनुभवावर देतच राहिले. १९७१ ला कळलं की त्या बायकांच्या वयात आलेल्या मुलींना एक दुर्मिळ कॅन्सर व्हायला लागलाय.

मग गरोदर बायकांना बाजूलाच ठेवा की

हेच केलं होतं जगानं. १९५० च्या दशकाच्या शेवटी थॅलिडोमाइड नावाच्या औषधानं हातपाय नीट नसलेली हजारो बाळं जन्मली, त्यानंतर सगळे घाबरले. १९७७ ला अमेरिकेच्या औषध खात्यानं मूल होऊ शकणाऱ्या बायकांना सुरुवातीच्या ट्रायलमधून, म्हणजे औषधाच्या पहिल्या अभ्यासांतून, लांबच ठेवा असं सांगितलं, ते १९९३ ला मागं घेतलं. ऐकायला बरं वाटतं, बायकांना जपलं. पण त्याचा परिणाम मी रोज दुकानात बघते. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद उघडा, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की गरोदरपणात सुरक्षित आहे की नाही याची पुरेशी माहिती नाही. थायरॉईड, फिट्स, दमा, बीपी असलेल्या बायकांना पण दिवस जातात ना, त्यांनी काय नऊ महिने आजारपण खुंटीला टांगून ठेवायचं? औषध तर घ्यावंच लागतं. म्हणजे प्रयोग होतोच, फक्त कोणी मोजत नाही, लिहीत नाही, आणि काही झालं तर भरपाई पण नाही.

पेपरात "एक तृतीयांश धोका कमी" आलं की

यावर एक जरा बाजूची पण कामाची गोष्ट. २०२३ ला अॅझिथ्रोमायसिनचा निकाल आला, दुकानात घसा दुखला की मागतात तीच गोळी. नॉर्मल बाळंतपणाच्या कळा चालू असताना दोन ग्रॅम एकदाच. सात देशांत २९ हजारांच्या वर बायका, बेळगाव आणि नागपूर त्यात होतेच. आईला जंतुसंसर्ग अंगभर पसरणं किंवा मृत्यू, हे २.४ टक्क्यांवरून १.६ वर आलं. बातमीत हेच "एक तृतीयांश कमी" असं येतं आणि खोटं पण नाही. पण हजार बायका धरा, २४ ऐवजी १६. म्हणजे आठ वाचल्या, बाकीच्यांना गोळी घेतली काय आणि नाही घेतली काय, त्या बाबतीत फरक नाही. आठ आया म्हणजे थोड्या नव्हेत, मी कमी लेखत नाही, पण टक्का वाचला की "हजारात किती" हे मनात करून बघायचं. आणि बाळांच्या बाबतीत त्या गोळीनं काही फरक पडला नाही हे पण तिथंच लिहिलेलं होतं, ते बातमीत येत नाही. आणि हो, हे वाचून कुणी माझ्या काउंटरवर अॅझिथ्रोमायसिन मागायला येऊ नका, चिठ्ठीशिवाय देणार नाही. डॉक्टरची चिठ्ठी म्हणते मी, भिशीची नव्हे.

"आम्ही गरीब म्हणून आमच्यावर"

सासूबाईंचा खरा मुद्दा हा होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. २००९-१० ला तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची एचपीव्ही लस हजारो मुलींना दिली गेली. कित्येक आदिवासी मुली होस्टेलवर होत्या आणि संमतीच्या कागदावर आईबापाऐवजी होस्टेलच्या वॉर्डननी सह्या केल्या. काही मुलींचे मृत्यू झाले, चौकशीत ते लसीमुळं नसावेत असंच निघालं, लस आजही जगभर चालते आणि चांगली आहे, पण संमतीचा जो खेळखंडोबा झाला त्यावर संसदेच्या समितीनं पण ताशेरे ओढले. म्हणजे संशय घेणारी बाई वेडी नसते.

आता २०१९ चे नियम आहेत. एथिक्स कमिटीनं, म्हणजे अभ्यासात माणसांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीनं, पास केल्याशिवाय अभ्यास सुरू करता येत नाही, या कमिटीत कमीत कमी सात जण, त्यात एक कायद्यातला, एक तुमच्याआमच्यासारखा साधा माणूस, किमान एक बाई, आणि अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचा. ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई. कधीही, कारण न सांगता बाहेर पडायचा हक्क, आणि बाहेर पडल्यावर नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. कागदाची एक प्रत बाईकडं राहते.

आणि आपल्या भागासाठी सगळ्यात मोठं: माहिती तिला समजणाऱ्या भाषेत पाहिजे. आपल्याकडं तायी कार्डापासून, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी कार्डापासून, सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत सगळं कन्नडमध्ये, त्याची आपल्याला सवय झालीय, न वाचता अंगठा करायची पण सवय झालीय. इथं ती सवय सोडायची. मराठीत कागद मागायचा, त्यात भांडण नाही, राजकारण नाही. वाचता येत नसेल तर बाहेरचा साक्षीदार बसवून वाचून दाखवायला लागतं. कन्नड बोलता येतं म्हणजे कन्नडमधला चार पानी वैद्यकीय कागद कळतो असं नाही, मला इथं जन्म घालवून कळत नाही.

भाचीला काय सांगितलं

होय म्हण किंवा नको म्हण असलं काही सांगितलं नाही. रक्त कमी असणं ही काय तिची एकटीची गोष्ट नव्हे, ११ च्या खाली हिमोग्लोबिन असलं की गरोदरपणात रक्त कमी धरतात, आणि २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्क्यांवर तशा निघाल्या. गोळ्या फुकट मिळतात पण मळमळतं, शौचाला घट्ट होतं, मग त्या फळीवर राहतात. शिरेतून एकदाच घातलं तर तो प्रश्न नाही, पण ते दवाखान्यात, रिअॅक्शन आली तर सांभाळणारं कोणी असेल तिथंच घालायचं असतं. कुठलं बरं हे विचारणं चुकीचं नाही.

तिला वहीत लिहून दिलं काय काय विचारायचं ते. अभ्यासात नाही आले तर मला काय मिळणार? सलाईन कुठं लावणार, तिथं डॉक्टर हजर असणार काय? रक्त किती वेळा काढणार? बाळ झाल्यावर पण बाळाला तपासायला येणार काय, किती महिने? रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा, आणि तो उचलणार काय? जायचा-यायचा खर्च कोण देणार? अभ्यासाची नोंद भारताच्या ट्रायल रजिस्टरमध्ये आहे काय, नंबर काय?

सोमवारी ती गेली होती, सासूबाईंना घेऊनच. सिस्टरनी सगळं नीट सांगितलं म्हणे, न चिडता. मराठी कागद होता, फक्त पहिल्या खेपेला कन्नडचा हातात पडला होता. रात्रीच्या फोनच्या प्रश्नावर मात्र "विचारून सांगते" म्हणाल्या. सासूबाईंनी तिथंच स्वतःचा एक प्रश्न टाकला, "चिठ्ठी माझ्यासमोर काढणार काय?" कंप्युटरमध्ये निघते हे त्यांना अजून पटलेलं नाही. कागद टीव्हीखाली तायी कार्डात घालून ठेवलाय, सही अजून केलेली नाही, गुरुवारी परत जाणार आहेत.